देवयानी बरोबर की शर्मिष्ठा?



मागच्या वेळी मी अंतर्गत कर्जाच्या व्याजाचं गणित सांगितलं होतं. आज विषय वेगळा आहे. आज कादंबरीवर बोलायचं आहे, आणि तीही प्रेमाच्या. ‘या बाईला आज हे काय सुचलं’ असं कुणाला वाटत असेल तर जरा दम धरा. यात दारू येणार आहे, सवत येणार आहे आणि शेवटी कर्जसुद्धा येणार आहे. म्हणजे आपल्या बैठकीत जे येतं ते सगळंच.

वि. स. खांडेकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेत त्यांचा एखादा धडा असायचा, एखादी रूपककथा असायची. पण हा माणूस आपल्या भागातला, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. ११ जानेवारी १८९८ ला त्यांचा जन्म सांगलीत झाला आणि २ सप्टेंबर १९७६ ला ते गेले ते मिरजेत. मधल्या काळात दत्तक गेले, शिक्षण अर्धवट राहिलं, आणि १९२० पासून १९३८ पर्यंत कोकणात शिरोड्याला शाळामास्तर होते. पुढं कोल्हापूरला आले. मास्टर विनायकांच्या ‘छाया’ या १९३६ सालच्या बोलपटाची कथा त्यांचीच. ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’, ‘पहिले प्रेम’, ‘क्रौंचवध’, ‘अश्रू’ अशा कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. १९५९ साली ‘ययाति’ आली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला. मराठीतल्या लेखकाला मिळालेला तो पहिला ज्ञानपीठ. त्यांची दृष्टी शेवटी गेली होती, तरी ते दुसऱ्याला सांगून लिहून घ्यायचे.

त्याच काळात ना. सी. फडके नावाचे दुसरे मोठे लेखक होते. तेही कोल्हापूरला राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांच्याही कादंबऱ्या प्रेमाच्या. दोघांच्या वाचकांचे जणू दोन पक्षच होते. फडके म्हणायचे, कला ही कलेसाठी, वाचणाऱ्याला आनंद मिळाला की झालं. खांडेकर म्हणायचे, कला जीवनासाठी, वाचून माणूस थोडा तरी सुधारला पाहिजे. या वादात शिरायचं माझं काम नाही. पण एक सांगते, फडक्यांच्या नायकाला पोटाची चिंता फारशी दिसत नाही. त्याचे कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड. खांडेकरांच्या माणसांना प्रेमात पडल्यावरही गरिबी दिसते, अन्याय दिसतो, आणि मग ती दोनदोन पानं विचार करत बसतात. कधीकधी जरा जास्तच बसतात.

आता, बायकांनी ही पुस्तकं वाचायची म्हणजे काय कसरत होती ते आपल्या सासवांना विचारा. माझ्या चुलतसासूबाई सातवी शिकलेल्या. गावात वाचनालय होतं, पण तिथं पुरुष बसायचे पेपर वाचत. बाईमाणसानं पायरी चढायची नाही. मग धाकट्या दिराला गोळ्या-बिस्किटाला पैसे द्यायचे आणि चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून पाठवायचं. पुस्तक आलं की पिठाच्या डब्यामागं. दुपारी सगळे रानात गेले की वाचायचं. कुणी विचारलं तर ‘शिवलीलामृत वाचतीय’. त्या सांगतात, “पोथीला जेवढं घाबरले न्हाई, तेवढं त्या पुस्तकाला घाबरले.” त्यांनी कोणती कादंबरी वाचली होती ते नाव आता त्यांना आठवत नाही. पण नायिका शेवटी कुठल्या रंगाचं पातळ नेसून स्टेशनवर उभी राहते ते आठवतं.

प्रेमाची पुस्तकं वाचून बायका बिघडतात, मुली बिघडतात, हे बोलणं तेव्हाही होतं आणि आजही आहे. हा प्रश्न एकदा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. चंद्रकांत काकोडकर नावाचे फार लोकप्रिय कादंबरीकार होते. राजेश खन्ना-मुमताजचा ‘दो रास्ते’ पाहिलाय ना? तो त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरून काढलेला. त्यांची ‘श्यामा’ नावाची गोष्ट ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. ती अश्लील आहे म्हणून खटला झाला. खालच्या कोर्टात सुटले, उच्च न्यायालयानं २५ रुपये दंड केला, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ही गोष्ट अश्लील ठरत नाही, दंड रद्द. पंचवीस रुपयांच्या दंडासाठी माणूस दिल्लीपर्यंत गेला! मला त्यांचं कौतुक वाटतं. पैशाचा प्रश्न नव्हताच तो. आपण लिहिलेलं घाणेरडं आहे हा शिक्का त्यांना नको होता.

आता आमच्या गटाची गोष्ट. कऱ्हाड आणि कडेगाव तालुक्यांच्या शिवेवरचं गाव आहे. माझं सासर सातारा जिल्ह्यात, माहेर सांगली जिल्ह्यात, मधे पंधरा किलोमीटर. गटात आम्ही सोळा जणी. दर आठवड्याला बैठक होते. प्रार्थना, हजेरी, बचत, कर्जफेड, नवी मागणी, सगळं तासाभरात आटपतं. पण आटपलं तरी कुणी उठत नाही, हे माझ्या लक्षात आलं. घरी गेलं की काम आहेच, म्हणून दहा मिनिटं तिथंच रेंगाळायचं. त्या दहा मिनिटांत कुणाची सून कशी आणि कुणाच्या घरात काय, एवढंच चालायचं. म्हणून ठरवलं, वीस मिनिटं मोठ्यानं वाचन करायचं. आधी आरोग्याची पुस्तिका वाचली. तिसऱ्या आठवड्याला निम्म्या जणी डुलक्या घ्यायला लागल्या. मग एक काकू म्हणाल्या, “आगं, काहीतरी गोष्ट वाच की. जीव लागंल असं.”

मी ‘ययाति’ आणली. सोळातल्या पाच जणींना वाचता येत नाही, पण ययातीची गोष्ट महाभारतातली, कीर्तनात ऐकलेली. त्यामुळं सुरुवात करायला अडलं नाही. दसऱ्यानंतर सुरू केली ती संपायला पुढचे गणपती उजाडले. उसाच्या हंगामात दोन महिने वाचन बंद होतं. वर्णनं लांबली, चांदणं आणि फुलं आणि लाटा सुरू झाल्या, की “पुढं चल, पुढं चल” म्हणून ओरडायच्या. पण खांडेकरांचं एखादं म्हणीसारखं वाक्य आलं की वयस्कर बायका “हे परत वाच” म्हणायच्या. तरण्या सुनांचं उलटं. त्यांना ती वाक्यं शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारखी वाटायची. माझं मत सुनांच्या बाजूनं आहे. खांडेकर फार गोड लिहितात, आणि गोड जास्त झालं की घशाशी येतं. पण गोष्ट मात्र सोडवत नाही.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हस्तिनापूरचा राजा ययाति. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी, आणि असुरांचा राजा वृषपर्वा याची मुलगी शर्मिष्ठा, दोघी मैत्रिणी. देवयानीचं आधी प्रेम होतं कचावर. तो तिच्या वडिलांकडून संजीवनी विद्या शिकून गेला आणि तिला नाही म्हणाला. पुढं एकदा पाण्यावर गेल्या असताना कपड्यांवरून दोघी मैत्रिणींचं भांडण झालं, शर्मिष्ठेनं तिला विहिरीत ढकललं, ययातीनं हात धरून बाहेर काढलं, आणि हात धरलास तर लग्न कर असं झालं. देवयानी राणी झाली. आणि रागाच्या भरात तिनं मागितलं काय, तर राजकन्या शर्मिष्ठा माझी दासी म्हणून सासरी आली पाहिजे. शर्मिष्ठा आपल्या कुळासाठी गेली. पुढं राजाचं आणि दासीचं जुळलं, चोरून. तिला पुरू झाला. देवयानीला यदू झालेला होता. हे उघडकीला आल्यावर शर्मिष्ठा तान्हं मूल घेऊन परागंदा झाली. राजा मद्य आणि बायका यांत बुडाला, वर्षानुवर्षं. शेवटी शुक्राचार्यांचा शाप, तू म्हातारा होशील. आणि मग पुरूनं आपलं तारुण्य बापाला दिलं.

या कादंबरीत खांडेकरांनी एक चांगलं केलंय. ययाति स्वतः बोलतो, देवयानी स्वतः बोलते, शर्मिष्ठा स्वतः बोलते. प्रत्येकाला आपापली बाजू मांडायला दिली. आपल्या भांडणात पंच बसतात तेव्हासुद्धा बाईला एवढी संधी मिळत नाही.

पहिला वाद कुणावरून झाला सांगू? अलकेवरून. अलका म्हणजे राजवाड्यातल्या दासीची मुलगी, सोनेरी केसांची. ययाति तरुण असताना तिच्यात गुंतला. राणीला, म्हणजे त्याच्या आईला, हे कळलं आणि तिनं अलकेचा विषानं काटा काढला. गोष्टीत हे सुरुवातीलाच येतं आणि पुढं आपण विसरून जातो, कारण देवयानी-शर्मिष्ठा येतात. पण आमच्या गटातली एक मुलगी पुण्यात तीन वर्षं घरकामाला होती. ती विसरली नाही. प्रत्येक बैठकीत विचारायची, “त्या अलकीचं पुढं काय? कुणी इचारलं का न्हाई राणीला?” मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, “मग सगळी गोष्ट तिथंच बिघडली.” मी कॉलेजात असताना ही कादंबरी दोनदा वाचली होती. अलकेवर एवढा विचार केला नव्हता.

मग दारू. देवयानीला मद्याचा वास सहन होत नाही. तिच्या वडिलांनी मद्याच्या नादात कचाची राख पोटात घातली होती, ती आठवण तिच्या मनात. लग्नाच्या पहिल्या रात्री नवऱ्याच्या तोंडाला वास येतो आणि ती भडकते. खांडेकर हे असं लिहितात की वाचणाऱ्याला वाटावं, काय ही बाई, पहिल्याच रात्री एवढा ताठा, जरा समजून घ्यायला काय झालं होतं! शहाण्यासुरत्या वाचकांनीही देवयानीला गर्विष्ठ, कठोर म्हटलंय. आमच्या बैठकीत काय झालं? मी ते पान वाचलं आणि सगळ्या गप्प. मग मागून आवाज आला, “बरोबर केलं तिनं.” लगेच दुसरी, “मला पैल्या रात्री कळलं असतं तर मीबी हेच केलं असतं.” ज्या गावात बाटली आडवी करायला बायकांनी मतदानाची मागणी केली, तिथं देवयानीला कठोर कोण म्हणणार? त्या दिवसापासून गटात देवयानीचा पक्ष तयार झाला. पुढारी होत्या आमच्या एक ताई, ज्यांच्या नवऱ्यानं दहा वर्षांपूर्वी दुसरी बाई आणून वेगळं घर केलं. त्या हसत म्हणायच्या, “देवयानीनं राजाला घरात घ्यायलाच नको होतं. सोपं पडलं असतं.” हसायच्या, पण आवाज हसरा नसायचा.

शर्मिष्ठेचा पक्ष जरा उशिरा झाला. शर्मिष्ठा सगळ्यांना आवडते, कारण ती सोसते. चित्र काढते, सेवा करते, मागत काही नाही. एक आजी म्हणाल्या, “पुस्तक लिवणाऱ्याला शर्मिष्ठाच आवडती दिसती. आवडणारच. कुठल्या पुरुषाला आवडणार न्हाई?” मैत्रिणींनो, मोठमोठी परीक्षणं लिहिली गेली असतील, पण माझ्या मते या एका वाक्यात खांडेकरांची सगळी ताकद आणि सगळी कमतरता आली. त्यांच्या कादंबऱ्यांत त्याग ही फार मोठी गोष्ट आहे. प्रेम म्हणजे घेणं नाही, देणं, हे ते पुन्हापुन्हा सांगतात. वाचताना डोळ्यांत पाणी येतं. पण देणारी बहुतेक वेळा बाई असते किंवा पोर असतं. घेणाऱ्यानं कधी थांबायचं, हे त्याला शेवटच्या पानांवर कळतं. तोवर देणारीचं आयुष्य संपलेलं असतं. आपल्याला त्याग शिकवायची गरज नाही, त्यात आपल्या आयांनी पीएचडी केलीय. हे पुस्तक पुरुषांच्या बैठकीत वाचलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. खांडेकरांचा रोखही तोच असावा. भोगामागं धावणारा ययाति त्यांनी आजच्या माणसावर बोट ठेवायलाच उभा केलाय.

आता जे सांगते ते त्या बाईंना विचारून सांगतेय. गाव आणि नाव सांगणार नाही. आमच्या गटात एक जणी आहेत, वीस वर्षांपासून एका घरात ‘दुसरी’ म्हणून राहतात. पहिली त्याच गावात, वेगळ्या आळीत. ती आमच्या गटात नाही. या बाई कष्टाळू, हप्ता कधी चुकवत नाहीत, पण बैठकीत बोलायच्या नाहीत. शर्मिष्ठा आणि राजा यांचं चोरून जुळतं तो भाग आला आणि देवयानी पक्षाच्या बायका तुटून पडल्या. “मैत्रिणीच्या नवऱ्यावर डोळा?” “दासी झाली तरी अक्कल कुठं गेली?” पुढच्या बैठकीला त्या बाई आल्या नाहीत. हप्ता मुलाच्या हाती पाठवला. त्याच्या पुढच्या बैठकीलाही नाहीत. वाचन बंद करावं का, असा विचार आमच्यात झाला. गट मोडण्यापेक्षा पुस्तक मोडलेलं बरं. पण मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनीच विचारलं, “शर्मिष्ठेच्या पोराचं काय झालं?”

मी सांगितलं, अजून तिथवर पोचलो नाही. त्या म्हणाल्या, “मग मी येते. मला ते ऐकायचंय.”

त्यांचा मुलगा तेव्हा दहावीला होता. शाळेच्या कागदावर बापाचं नाव होतं, पण गावात कुणी ना कुणी टोमणा मारायचंच, आणि जमिनीच्या वेळी हा कुठं उभा राहणार ही धास्ती त्यांच्या पोटात होती. मग एका बैठकीत पुस्तक बाजूला ठेवून आम्ही कायद्यावर बोललो. आपल्या मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषानं पहिली बायको असताना दुसरं लग्न करण्याला १९४६ सालीच बंदी आली होती, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं ती सगळ्या देशात आली. म्हणजे पहिली असताना केलेलं दुसरं लग्न कायद्यानं लग्नच नाही. ही बाजू पहिलीच्या हक्काची. पण त्याच कायद्यात कलम १६ आहे. अशा लग्नातून झालेली मुलं औरस मानली जातात, आईबापाच्या मालमत्तेत त्यांना वाटा मिळतो. पोराचा दोष धरलेला नाही. हे ऐकल्यावर त्या बाईंनी काही न बोलता पदर डोक्यावर घट्ट ओढून घेतला. आणि ज्या ताईंच्या नवऱ्यानं दुसरी आणली होती, त्या म्हणाल्या, “पोराला मिळू दे. पोरानं काय केलंय?” एवढंच म्हणाल्या. दोघी काही गळ्यात पडल्या नाहीत. आजही फारसं बोलत नाहीत. पण त्या दिवसापासून बैठकीत ‘दासी’ हा शब्द शिवीसारखा वापरला गेला नाही. आपल्यापैकी कुणाच्या घरात असा प्रश्न असेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. तिथं बाईमाणसाला वकील मोफत मिळतो. सल्ला तिथूनच घ्या, आळीतल्या शहाण्याकडून नको.

आणि आता कर्ज. मी सुरुवातीला म्हटलं होतं ना?

पुरूनं बापाचं म्हातारपण घेतलं, हा भाग वाचून झाला तेव्हा पाऊस जोरात होता, कुणाला घरी जाता येत नव्हतं. त्यामुळं त्या दिवशी बोलणं फार लांबलं. कीर्तनकार हा प्रसंग पितृभक्तीचा म्हणून सांगतात. बायकांना तो तसा लागलाच नाही. एक काकू म्हणाल्या, “म्हंजे बापानं उडवलं आणि पोरानं फेडलं. आमच्याकडं हेच चाललंय.” त्यांच्या मालकांनी बहिणीच्या लग्नात, गाडीत, निवडणुकीच्या नादात कर्ज केलं. ते वारले. आता बावीस वर्षांचा मुलगा शिक्षण सोडून एमआयडीसीत रात्रपाळी करतो आणि हप्ते भरतो. त्याचं तारुण्य कुणाला गेलं? शाप कुणाला आणि म्हातारं कोण झालं? मग एकेक जण आपला हिशेब मांडायला लागली. मायक्रोफायनान्सचं कर्ज बाईच्या नावावर, पैसा मालकाच्या हातात, हप्ता पोराच्या पगारातून. सोळातल्या सात घरांत हीच गोष्ट निघाली. मी सहा वर्षं या गटांच्या वह्या तपासतेय. ‘कर्जाचा उद्देश’ या रकान्यात ‘शेळीपालन’ लिहिलेलं असतं. खरा उद्देश एवढ्या उघडपणे कधी बोलला गेला नव्हता.

त्यानंतर गटानं एक ठराव केला. दहा हजारांच्या वरचं अंतर्गत कर्ज मागताना पैसा कुणाच्या हातात जाणार आणि फेडणार कोण, हे मागणारीनं बैठकीत तोंडानं सांगायचं. कागदावर लिहिलेलं चालणार नाही. नाटकी वाटेल, पण आतापर्यंत दोन मागण्या सांगता सांगताच मागं घेतल्या गेल्या. एक मागणी मात्र खरं कारण सांगूनही मंजूर झाली, नवऱ्याच्या ऑपरेशनची. ठरावाला आमच्यात ‘पुरूचा ठराव’ म्हणतात. बँकेच्या साहेबांना इतिवृत्तात हे नाव वाचून काही कळलं नाही.

एका सुनेनं आणखी एक प्रश्न काढला. पुरूचं लग्न झालेलं असतं तर त्याच्या बायकोनं काय करायचं? तिला विचारलं का कुणी? मला फार आनंद झाला, कारण हाच प्रश्न गिरीश कर्नाडांना पडला होता. कर्नाड अगदी तरुण असताना त्यांनी कन्नडमध्ये ‘ययाति’ हे नाटक लिहिलं. त्यात पुरूची बायको चित्रलेखा आहे, आणि ती हे सगळं निमूट मान्य करत नाही. एकाच जुन्या गोष्टीतून सांगलीत जन्मलेल्या खांडेकरांना एक दिसलं, कर्नाडांना दुसरं दिसलं, आणि आमच्या सुनेला ते नाटक न वाचताच दिसलं.

हे सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. एका घरातून निरोप आला की बैठकीत असली पुस्तकं वाचत असाल तर आमची सून येणार नाही. कॉलेजला जाणाऱ्या मुली दाराशी येऊन ऐकत बसायच्या, त्यावरही कुरकुर झाली. आम्ही त्या सासूबाईंनाच बोलावलं, म्हटलं, तुम्ही बसा, नको वाटेल तिथं थांबवा. त्या आल्या, पुढं बसल्या, आणि थांबवलं एकदाही नाही. एकदा फक्त म्हणाल्या, “आमच्या वेळंला कुणी वाचून दाखवलं असतं, तर...” पुढं बोलल्या नाहीत.

मुलींचं म्हणाल तर त्यांनी स्वतःच खांडेकरांची ‘अमृतवेल’ मिळवली. १९६७ ची कादंबरी. नंदा नावाची मुलगी, लग्न ठरलेलं, आणि होणारा नवरा विमान अपघातात जातो. तिला जगायचंच नसतं. पुढं ती हळूहळू पुन्हा जगाकडं बघायला लागते, त्याची ती गोष्ट आहे. त्यातली वाक्यं आजही मुलींच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर दिसतात. लिहिणाऱ्याचं नाव मात्र बऱ्याचदा नसतं. आमच्या गावात गेल्या साली एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. तिच्या मैत्रिणीनं तिला हेच पुस्तक नेऊन दिलं. त्यानं तिचं दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. पण महिनाभर घराबाहेर न पडलेली मुलगी पुस्तक परत करायला बाहेर पडली, आणि येताना दुसरं घेऊन गेली.

पुस्तकं कुठून आणायची, असं विचाराल. गावात अनुदानित सार्वजनिक वाचनालय असेल तर ते बायकांसाठीही आहे, हे आधी लक्षात घ्या. वर्गणी किरकोळ असते. गटाच्या नावानं एक वर्गणी भरली तरी काम होतं. सांगली-साताऱ्याची नगर वाचनालयं जुनी आणि मोठी आहेत. सांगलीच्या वाचनालयात २०१९ च्या महापुरात पाणी शिरलं, हजारो पुस्तकं भिजली. कुणाच्या घरात चांगली पुस्तकं पडून असतील तर रद्दीत घालण्याआधी जवळच्या वाचनालयाला विचारा. आणि महाबळेश्वर-पाचगणीला सहल काढाल तेव्हा वाटेतलं भिलार चुकवू नका. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घराघरांत कपाटं लावलीत, कुठल्याही घरात जा, बसा, वाचा, पैसे नाहीत. आमचा गट गेला होता. स्ट्रॉबेरी खाऊन झाल्यावर आमच्या आजी एका ओसरीवर बसल्या आणि शेजारच्या कुणा अनोळखी कॉलेजच्या मुलाला म्हणाल्या, “बाळा, यातलं मला थोडं वाचून दाखव.” त्यानं तासभर वाचून दाखवलं. गाडी आमची त्यांच्यामुळं उशिरा निघाली.

‘ययाति’ संपली त्या दिवशी आम्ही हात वर करून मत घेतलं, देवयानी बरोबर की शर्मिष्ठा. नऊ हात देवयानीचे, पाच शर्मिष्ठेचे. एक जण कुणाच्याच बाजूनं नव्हती, ती अजून अलकेवर अडलेली आहे. आणि ज्या बाई पोराचं काय झालं ते ऐकायला परत आल्या होत्या, त्यांनी हात वर केलाच नाही. त्या म्हणाल्या, “आधी सांगा, राजाचं मत कुणी घेतलंय का?”

तुमच्या गटात वाचलीत तर किती हात कुणाच्या बाजूनं झाले, ते केंद्रावर फोन करून कळवा. पुढच्या वेळी खताच्या अनुदानाचे कागद कोणते लागतात ते सांगणार आहे, वही-पेन घेऊन बसा. नमस्कार.